ऊन पडलं म्हणून निर्णय चुकला का?

पत्र

नमस्कार,
साताऱ्यात आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. नोंदणीकृत संस्था वगैरे नाही, पहाटे एकत्र सायकल चालवणारी माणसं एवढंच. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही मदतनिधीसाठी राईड काढतो. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाटाने वाई आणि महामार्गाने परत. जमलेल्या पैशांतून जावळीतल्या वाड्यांवरच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतो.

यंदा मी सचिव. १८० जणांनी ९०० रुपये भरून नाव नोंदवलं. शुक्रवारी हवामान खात्याने सातारा घाटमाथ्याला रविवारसाठी ऑरेंज अलर्ट दिला. मी आणि आमचे अध्यक्ष दोन दिवस घालमेल करत बसलो आणि शनिवारी रात्री पावणेअकराला ग्रुपवर मेसेज टाकला : 'खराब हवामानामुळे उद्याची राईड रद्द. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' रविवारी सकाळी साताऱ्यात लख्ख ऊन! आमच्यातले एक ज्येष्ठ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ग्रुपची जर्सी घालून पंधरा जणांसह ठरलेल्या रस्त्याने गेले, संध्याकाळी सुखरूप आले आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावासमोरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आमचा भरवसा अंदाजावर नाही, पायांवर.' त्यावर शंभर अंगठे.

आता लोक फी परत मागतायत. ज्या दुकानदाराचं नाव टी-शर्टवर आहे तोही पैसे मागतोय. दोनशे माणसांचे पोहे वाया गेले ते वेगळंच. कराडहून आणि पुण्याहून आलेले काही जण लॉजवर उतरले होते, ते तर फारच चिडलेत. घरचे म्हणतात, सोड हे लष्कराच्या भाकरी भाजणं. माझा निर्णय चुकला का? पैसे परत करायचे का? आणि पुढची तारीख जाहीर करायचं धाडस करू का, की राजीनामा देऊन मोकळी होऊ?
एक सचिव, सातारा

उत्तर

सचिवताई,

निर्णय चुकला नाही. तो घेतला आणि कळवला तो प्रकार मात्र चुकला. ग्रुपवर सध्या या दोन्हींची खिचडी झालेली आहे. लोक ओरडतायत रद्द केल्याबद्दल, पण त्यातल्या अर्ध्यांना खरा राग पावणेअकराच्या मेसेजचा आहे. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघू.

आधी अलर्टचं. 'ऑरेंज' म्हणजे पाऊस पडणारच असं हवामान खातं म्हणत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पाऊस किती पडू शकतो, पडण्याची शक्यता किती आणि पडलाच तर काय काय विस्कटेल हे सगळं मिळून तो रंग ठरतो. त्यांच्या भाषेत 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त, 'अति मुसळधार' म्हणजे ११५.६ च्या वर. त्यातही 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असेल तर त्या टापूतल्या जास्तीत जास्त चतुर्थांश ठिकाणांबद्दल ते बोलतायत. म्हणजे अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी बाकीची तीन चतुर्थांश ठिकाणं कोरडी राहू शकतात. आणि खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, त्यामुळे 'रविवारचा' पाऊस सोमवारी पहाटेही पडलेला असू शकतो. रविवारी सकाळी साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहून वर बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

तुमच्या जिल्ह्यात तर हा घोळ जरा जास्तच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दहिवडीला पाचशेच्या आसपास. म्हणून तर 'सातारा घाटमाथा' हा इशारा वेगळा देतात. तुमच्या फोनमधलं ढगाचं चित्र मोठ्या टापूची सरासरी काढतं, त्याला मेढा आणि महाबळेश्वर यांतला फरक धड कळत नाही. तुम्ही घाटमाथ्याचा स्वतंत्र इशारा बघितलात हे चांगलं केलंत. राईडचा अर्धा दिवस घाटात जाणार होता, साताऱ्यात नव्हे. साताऱ्यातलं ऊन हा त्या इशाऱ्याविरुद्धचा पुरावाच नव्हे.

याच घाटमाथ्याने काय दाखवलंय ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. सप्टेंबरअखेरचा पाऊस जुलैइतका नसतो हे खरं, पण तीन महिने पाणी पिऊन फुगलेले डोंगर सप्टेंबरातही तेच असतात.

आता अण्णा. त्यांचं वाक्य झकास आहे, शंभर अंगठे मिळणारच. पण त्यातून सिद्ध काय झालं? पंधरा अनुभवी माणसं, त्या रस्त्यावर शेकडो वेळा गेलेली, एकमेकांचा वेग ओळखणारी, वाटलं तर मेढ्यातून मागे फिरायला मोकळी. त्यांच्या जिवाचे मालक ते. तुमच्या यादीत १८० होते. त्यात पहिल्यांदाच घाट चढणारे असतील, ऑफिसातल्या चौघांनी पैज लावून नाव घातलेले असतील, नववी-दहावीतली पोरं असतील. तुम्ही १८० जणांना बोलावलंत की त्यातला सगळ्यात कच्चा जो आहे, त्याच्या मानाने रस्ता बघावा लागतो.

पसरणी घाटाचाच उतार घ्या. दहा-बारा किलोमीटर सलग खाली. कोरड्या रस्त्यावर मजा आहे. ओल्या रस्त्यावर रिमब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबून थांबणारी, सायकल असेल तर ब्रेक दाबल्यावर रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं आणि मग पकड घेतं. तेवढ्यात सायकल वळणाच्या पार पुढे गेलेली असते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे साबण लावल्यासारखे होतात. वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती, पाण्याखाली झाकलेले खड्डे, समोर धुकं, आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. चढताना घामाने आणि पावसाने चिंब झालेला माणूस महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवरून वाऱ्यात उतरायला लागला की दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. बधिर बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. हे पट्टीच्या सायकलवाल्यालाही होतं, फक्त तो थांबून हात काखेत धरतो. नवखा लाजून थांबत नाही.

आणि जे सायकलवर नसतात त्यांचं काय? या भांडणात त्यांचं नाव कुणीच घेतलेलं नाही. केळघरच्या वळणावर पाण्याचं टेबल मांडून चार-पाच तास उभी राहणारी कॉलेजची पोरं. मोटारसायकलवरून पुढेमागे करणारे मार्शल. बंदोबस्ताचे पोलीस. एखादं झाड आडवं झालं आणि तुमची एकुलती एक अँब्युलन्स त्याच्या अलीकडे अडकली तर पलीकडे पडलेल्याला मेढ्याच्या नाहीतर महाबळेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात कोण पोचवणार? अण्णांच्या पंधरांना अँब्युलन्स लागली नाही, कारण त्यांनी ती देऊ केलीच नव्हती. तुम्ही पत्रकावर छापली होती.

कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला येतात. वादळ बगल देऊन गेलं तर कोळी बांधव दिवसाच्या धंद्याबद्दल हळहळतात, पण बावटा लावणाऱ्याला मूर्ख ठरवत नाहीत. निर्णय घेताना हातात काय माहिती होती यावर त्याचं माप काढायचं असतं. शुक्रवारी तुमच्या हातात ऑरेंज होता. रविवारचं ऊन नव्हतं.

उलटा हिशेब कसा होतो त्याचंही उदाहरण आहे. २२ मे २०२१ ला चीनच्या कान्सू प्रांतात बाइयिनजवळ शंभर किलोमीटरची डोंगरी धावशर्यत झाली. १७२ जण उतरले. हवा बिघडण्याचा इशारा आधी आलेला होता. दुपारी उंचावर गारा, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला, आणि २१ धावपटू गारठून मृत्युमुखी पडले. त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते. वारा अडवणारं जाकीट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. सकाळी निघताना, तिथल्या लोकांनी सांगितल्याप्रमाणे, वारा होता पण धावता येण्यासारखा होता. 'सकाळी तर ठीक होतं' हे वाक्य मला म्हणून फार भरवशाचं वाटत नाही.

तेव्हा निर्णयाबद्दल माफी मागू नका. एकदाही नाही. तुम्ही 'सॉरी, अंदाज चुकला' असं लिहिलंत की पुढच्या वर्षीचा सचिव ऑरेंज काय, लाल रंग बघूनही राईड काढेल.

माफी मागायची आहे ती वेगळ्या गोष्टीची. इशारा शुक्रवारी आला. तुम्ही दोघांनी तो पूर्ण शनिवार मनात दाबून ठेवलात, या आशेवर की रंग बदलेल. तोवर पोहेवाल्याने सामान भरलं, पुण्याची माणसं गाडीच्या टपावर सायकली बांधून निघाली, लॉजचे पैसे भरले. आणि मग झोपायच्या वेळेला सात शब्दांचा मेसेज. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, पैशांचं काय, पुढे काय, एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' हे रेल्वेच्या भोंग्यावर शोभतं. माणूस पहाटे चारचा गजर लावून झोपलाय, त्याला ते टोचणारच. मला वाटतं, अण्णांच्या मागे गेलेल्या पंधरांपैकी निम्मे तरी त्या मेसेजवर चिडूनच गेले असावेत.

मोठ्या मोठ्यांनाही ऐन वेळी रद्द करावं लागतं, नाही असं नाही. केप टाऊनची सायकल टूर ही वेळ मोजून होणारी जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत, हजारो लोक येतात, आणि तीही सेवाकार्याला पैसा उभा करते. मार्च २०१७ मध्ये ऐन सकाळी ती वाऱ्यामुळे रद्द केली. वारा असा की लोकांच्या हातातल्या सायकली उडत होत्या. तिथल्या हाऊट बे भागातल्या इमिझामो येथू वस्तीत त्याच सुमारास मोठी आग लागून हजारो लोक बेघर झाले होते. शर्यतीसाठी आणलेलं खाणं-पाणी आयोजकांनी तिकडे वळवलं. तुमच्या दोनशे माणसांच्या पोह्यांना रविवारी सकाळी सातला एखादं वसतिगृह नाहीतर जिल्हा रुग्णालयाबाहेरचे नातेवाईक मिळाले असते. रात्री अकराला फोन करायचं कुणाला सुचत नाही, हे मान्य. याच शर्यतीने २०१५ साली, डोंगराला वणवे लागले तेव्हा, रस्ता कापून ४७ किलोमीटरवर आणला होता. म्हणजे हो आणि नाही यांच्या मध्येही जागा असते. तुमच्याकडे ती जागा चक्क पूर्वेला मोकळी पडलेली आहे, तिकडे मी येतेच.

आधी पैसे, कारण ते आज पेटलेलं आहे.

तीन प्रकारचा पैसा तुमच्याकडे आहे आणि तो एका डब्यात ठेवू नका. ज्यांनी राईडला न येता नुसती देणगी दिली, त्यांचा पैसा सायकलींचा. राईड झाली काय, नाही काय, त्याला हात लावायचा नाही आणि तो परतही द्यायचा नाही. नोंदणीच्या ९०० रुपयांचं तसं नाही. त्यांनी सायकल चालवायला पैसे भरले होते, 'चांगल्या कामासाठीच होते ना' असं म्हणून तुम्ही ते परस्पर ठेवून घेऊ शकत नाही. टी-शर्ट, मेडल, पोहे, मंडप, अँब्युलन्सची आगाऊ रक्कम असा जो खर्च झालाच, तो पावत्यांच्या फोटोसह ग्रुपवर टाका. माणशी किती उरले ते लिहा. मग प्रत्येकाला विचारा : उरलेले परत हवेत, पुढच्या राईडला जमा धरू, की सायकलींना देऊ? उत्तर द्यायला आठवडा द्या. आणि ज्याने उत्तरच दिलं नाही त्याचे पैसे देणगीत ढकलू नका, पुढच्या राईडला जमा धरा. बहुतेक जण सायकलींना देतील असा माझा होरा आहे, पण ते त्यांनी स्वतः म्हणायला हवं. टी-शर्ट आणि मेडल मात्र सगळ्यांना द्या. मेडल न चालवता कसं द्यायचं असा वाद कुणीतरी घालेलच. ज्यांना लाज वाटेल ते नाही घेणार.

दुकानदाराला ग्रुपवर उत्तर देऊ नका, दुकानात जा. त्याचं नाव १८० टी-शर्टवर छापलंय आणि ते वर्षभर शहरात फिरणार आहे. पुढच्या राईडच्या फलकावरही ते असेल, असं सांगा. तरी मागितले तर चहापाण्याच्या स्टॉलसाठी दिलेला भाग परत करा आणि विषय मिटवा. साताऱ्याएवढ्या गावात त्याच्याच दुकानातून पुढे दहा वर्षं ट्यूब घ्यायच्या आहेत.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, 'नोंदणीकृत संस्था वगैरे नाही'. ताई, इथे जरा थांबा. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि संस्था नोंदलेली नाही, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची वाट धरावी लागते. गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच परवानगी. नाहीतर गावातल्या एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात पैसे जमा होऊ द्या आणि पावती त्यांची द्या. प्राप्तिकरातल्या सवलतीची पावतीही मग तेच देऊ शकतील, आणि तीही देणगीवर. टी-शर्ट आणि नाष्ट्याच्या बदल्यात घेतलेल्या फीवर नाही. तुमच्या खासगी खात्यात १८० जणांचे पैसे येणं हे आज ना उद्या तुमच्याच गळ्याशी येईल.

तसाच दुसरा कागद म्हणजे 'मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे' यावरची सही. तिचा आधार लोकांना वाटतो तितका भक्कम नसतो. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, आणि इशारा हातात असताना राईड काढली हे तिथे तुमच्या बाजूने बोलणार नाही. हे घाबरवायला सांगत नाही. अण्णांच्या फोटोखाली अंगठा देणाऱ्या शंभर जणांपैकी त्या दिवशी पोलीस ठाण्यात तुमच्याबरोबर कोण येणार होतं, एवढाच प्रश्न आहे.

आता पुढच्या वेळेचं. नियम नोंदणीच्या फॉर्मवरच छापा, म्हणजे रात्री पावणेअकराला कुणाला घालमेल करत बसावं लागणार नाही. घाटमाथ्याला लाल असेल तर राईड नाही. नारिंगी असेल तर घाट नाही, पर्यायी रस्ता. पिवळा असेल तर ठरलेला रस्ता, पण पहाटे पुन्हा बघून. शनिवारी दुपारी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा येतो, तो प्रमाण; बातम्यांचे व्हिडिओ आणि कुणाच्या मेहुण्याने महाडहून केलेला फोन प्रमाण नाही. दुपारी दोनला निर्णय जाहीर, मग रंग रात्री बदलला तरी घाट उघडायचा नाही. उलट्या दिशेने मात्र बदलायची मुभा ठेवा. पहाटे निघण्याआधी पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज बघायचा आणि तो बिघडलेला असेल तर सुरुवातीच्या रेषेवरूनही माघारी. निर्णय तिघांनी घ्यायचा : तुम्ही, अध्यक्ष आणि घाटात राहणारा किंवा रोज घाटातून जाणारा कुणीतरी. दुधाच्या गाडीचा चालक असेल तर उत्तम.

पर्यायी रस्ता तुमच्या दारात आहे. सातारा, कोरेगाव, पुसेगाव आणि परत, ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मध्ये वर्धनगडचा छोटा घाट आहे, चढाची हौस तिथे भागते. महाबळेश्वरची हिरवाई नाही, पण पावसाच्या छायेतला मुलूख आहे. फक्त परतीच्या पावसाची खोड लक्षात ठेवा : तिकडे तो दुपारनंतर विजा घेऊन येतो. म्हणून साडेपाचला सुटून अकराच्या आत सगळे परत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मार्शलच्या फोनवर असू द्या. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळ्यांनी पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली नाही, पत्र्याच्या बसथांब्यात नाही. सायकलचे टायर रबरी असतात म्हणून वीज लागत नाही असं सांगणारा एक तरी भेटतोच. त्याला आत ओढा.

आणि मेसेज असा लिहा : 'घाटमाथ्याला उद्यासाठी ऑरेंज इशारा आहे. फॉर्मवरच्या नियमाप्रमाणे आपण घाटात जाणार नाही. राईड कोरेगाव-पुसेगाव मार्गाने, पहाटे ५.३० ला, सुरुवात आधी ठरलेल्या ठिकाणाहूनच. ज्यांना फक्त घाटासाठीच यायचं होतं त्यांना पुढची राईड फुकट. उद्या ऊन पडलं तरी निर्णय हाच. शंका असेल तर मला फोन करा, रात्री नऊपर्यंत.' खाली तुमचं नाव. बाहेरगावच्यांना मेसेज नाही, फोन.

अण्णांशी ग्रुपवर वाद घालू नका, तिथे ते जिंकतील. त्यांच्या घरी जा, अध्यक्षांना घेऊन. एक गोष्ट स्पष्ट सांगा : रद्द झालेल्या दिवशी त्यांनी स्वतः कुठेही जावं, पण ग्रुपची जर्सी घालून पंधरा जणांना घेऊन जाऊ नये, कारण बघणाऱ्याला राईड चालूच आहे असं वाटतं आणि सोळावा, ज्याला झेपणारं नाही, तो मागून एकटा निघतो. हे ऐकायला त्यांना आवडणार नाही. मग विचारा, आदल्या दिवशी घाट बघून यायचं काम तुम्ही घ्याल का? माती कुठे आलीय, कुठल्या वळणावर पाणी आहे, झाड कुठे कललंय, फोटोसह. त्यांच्या पायांवर त्यांचा भरवसा आहेच, जरा आपल्यालाही उपयोगी पडू दे. नाही म्हणाले तर नाही. तरी नियम तोच.

राजीनामा देऊ नका, निदान हिशेब टाकून होईपर्यंत तरी नाही. हिशेबाआधी सोडलेलं सचिवपद गावात वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहतं. त्यानंतर घरच्यांशी बोलून काय ते ठरवा, लष्कराच्या भाकरी हा शब्द काही अगदीच खोटा नाही.

तारखेबद्दल मात्र मला तुमच्या ग्रुपशीच भांडायचंय. सप्टेंबरचा शेवटचा रविवार कुणी ठरवला? हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखांप्रमाणे मान्सून पुण्याहून परततो ९ ऑक्टोबरला. म्हणजे दरवर्षी तुम्ही पावसाळ्यातच राईड ठेवता आणि दरवर्षी आकाशाकडे बघता. हिरवे डोंगर, धबधबे, फोटो चांगले येतात, समजलं. पण १८० जणांना घाटातून न्यायचं तर नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा बघा. रस्ते कोरडे, पहाटे कडाक्याची थंडी, आणि नाताळच्या गर्दीआधी महाबळेश्वरचा रस्ता बराच मोकळा. सप्टेंबरात फार हौस असेल तर कोरेगावचीच ठेवा, छोटी, फी न घेता.

आणि सायकली त्या राईडपर्यंत थांबवू नका. शाळा जूनमध्ये सुरू झाली, मुली आजही चालतच जातायत. देणग्यांच्या पैशांत, आणि फीतले जे लोक सोडतील त्यात, जितक्या येतील तितक्या आत्ता घ्या. घेताना मुलींना दुकानात न्या किंवा उंची मोजून आणा, सातवीतल्या मुलीला मोठी सायकल दिली की ती वर्षभर भावाकडेच राहते. जावळीत उतार आहेत, म्हणून रंग आणि बास्केट नंतर, दोन्ही ब्रेक आधी बघा. मडगार्ड, कॅरिअर आणि कुलूप किमतीतच धरायला लावा, आणि प्रत्येक वाडीला एक पंप आणि पंक्चरचं सामान जास्तीचं द्या, कारण जवळचं दुकान मेढ्यात आहे.